चुना खाली बसेपर्यंत

"आता या घरातलं एकतर पाणी बदलेल, नाहीतर घर," असं बायकोने जाहीर केलं, तेव्हा केमिस्ट भिंतीला पाठ लावून आंघोळ करत होता.

भिंतीला पाठ लावून, कारण शॉवरची सगळी भोकं क्षाराने बुजली होती. एकच काय ते उरलं होतं आणि त्यातून निघणारी धार तिरपी जाऊन समोरच्या भिंतीवर आपटायची. आंघोळ करायची तर माणसाने धार आणि भिंत यांच्या मधे शिरायचं आणि हळूहळू स्वतःभोवती फिरायचं. घरी आलेल्या पाहुण्याला हे समजावून सांगावं लागे.

बोअरचं पाणी इतकं जड होतं, की चहाच्या किटलीत आतून थरावर थर चढून आता एकच कप चहा मावत होता. बाहेरून किटली तेवढीच. साबणाची वडी लग्नात आलेली होती, ती अजून संपली नव्हती, कारण तिला फेसच येत नव्हता, तर झिजणार कशी? आणि टॉवेल! दोरीवरून काढला की तो आपल्या पायांवर उभा राहायचा. आंघोळ झाल्यावर केमिस्ट टॉवेल गुंडाळत नसे, अंगाभोवती वाकवत असे.

आता गंमत बघा. हाच केमिस्ट गावाच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला होता. नदीच्या पाण्यातला क्षार चुना घालून काढायचा आणि गावाला मऊ, निर्मळ पाणी पाजायचं, हे त्याचं रोजचं काम. सासरी त्याला 'पाणीवाले' म्हणत. पण गावाच्या नळाची लाइन यायची ती त्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची. पुढे बोअर.

"सगळ्या गावाला मऊ पाणी, आणि घरात दगड," बायको म्हणाली. "ताईने सांगितलंय, त्यांच्या वरचा फ्लॅट रिकामा आहे. भाऊजींच्या कुणा मित्राचा आहे म्हणे. पाणी कसं, तर लोण्यासारखं. रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे त्यांच्याकडे."

केमिस्टाच्या अंगावरचं पाणी जागच्या जागी सुकलं. ताईचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, वकील होता. साधासुधा नाही, घरी आल्यावरही वकीलच. जेवताना मीठ कमी वाटलं तर विचारायचा, "शेवटचं मीठ कुणी घातलं? नीट आठवून सांगा. तेव्हा स्वयंपाकघरात आणखी कोण होतं?" अशा माणसाच्या डोक्यावर राहायचं म्हणजे रोज जिन्यात साक्ष देत वर जायचं.

"रविवारी संध्याकाळपर्यंत ना?" केमिस्ट म्हणाला. "त्याच्या आत मी टाकीतलं पाणी मऊ करून दाखवतो."

"कसं?"

मग केमिस्टाने ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडले. दोन्हींत बोअरचं पाणी भरलं. बायको समोर बसून टॉवेलांच्या घड्या मोडत होती, म्हणजे गुडघ्यावर ठेवून दाबत होती.

"हे बघ. आहे का काही पाण्यात? दिसतंय?"

"नाही बाई. स्वच्छ दिसतंय."

"तीच तर मेख आहे. विरघळलेलं दिसत नाही. गपचूप पाण्यात मिसळून राहतं, साळसूदपणे. गाळून येत नाही, उलटं टांगलं तरी येत नाही. त्याला बाहेर काढायला आपण बाहेरून काहीतरी टाकायचं." त्याने एका ग्लासात चमचाभर चुन्याची निवळी ओतून ढवळलं. पाणी दुधासारखं झालं. "आता हलवायचं नाही. हे पांढरं सगळं खाली बसेल. त्याला म्हणायचं साका. साका बसला, की वर उरतं ते खरं पाणी."

"एवढंच? मग दोन चमचे टाका ना, लवकर होईल."

"अंहं! मापात टाकायचा. जास्त पडला तर तो चुनाच पाण्यात मुक्काम ठोकतो. मग त्याला निस्तरत बसावं लागतं."

"असं होय," बायको म्हणाली आणि टॉवेल दाबत राहिली. केमिस्टाला वाटलं, हिचं लक्ष नाही. लग्न झाल्यापासून त्याच्या कामाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, तेव्हा त्याचं त्याला काही वाटलं नाही.

रविवारी पहाटे बायको उठायच्या आत केमिस्ट गच्चीवर गेला. रंगवाल्याच्या दुकानातून चुना आणला होता, वाण्याकडून धुण्याचा सोडा. मापं काढली, टाकीत ओतलं आणि लांब काठीने तासभर ढवळलं. शेवटी जराशी तुरटी फिरवली, म्हणजे पांढरे कण एकमेकांना धरून लवकर खाली जातील. मग खाली येऊन बजावलं, "प्यायचं पाणी भरून ठेवलंय. साका बसेपर्यंत नळ सोडायचा नाही. टाकी हलता कामा नये. वरून कावळा उडाला तरी हळू उडायला सांग."

आणि तो परत गच्चीवर जाऊन टाकीशेजारी खुर्ची टाकून बसला, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसा.

बायकोने फोन उचलला.

"ताई, अगं, ह्यांनी चुना लावला."

"कुणाला?"

"सगळ्या घराला. मी उठायच्या आत काम उरकलं."

"अगं बाई! आणि आता?"

"आता काय, सगळं खाली बसतंय."

"सगळं?"

"थोडंफार तरंगतंय अजून. पण संध्याकाळपर्यंत पूर्ण बसेल म्हणाले."

"आणि तू एवढी शांत कशी?"

"मग काय करू? मला म्हणाले, नळालासुद्धा हात लावायचा नाही. ते गच्चीवर जाऊन बसलेत. कुणाशी बोलत नाहीत. ठेवते हं, दाराशी कुणीतरी आलंय."

दाराशी कुणी नव्हतं. मांजरसुद्धा नव्हतं.

ताईने फोन ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. हाक अशी होती, की त्या इमारतीतले आणखी दोन नवरे बाहेर आले. वकिलाने सगळं ऐकून घेतलं, रविवार असूनही काळा कोट चढवला, ताईला घेऊन निघाला आणि वाटेत सासऱ्यांना गाडीत घेतलं. सासूबाईंनाही यायचं होतं, पण बातमी आणखी वाईट आली तर फोन उचलायला घरी कुणीतरी हवं, म्हणून त्यांना ठेवलं.

सासऱ्यांची एक खोड होती. राग आला की ते तोंडातून शब्द काढत नसत, सरळ डोक्यावर पाणी घेत. भांडण कितीही मोठं असो, दोन बादल्यांत निवळायचं. जावयाच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि काळ्याभोर रंगवलेल्या मिशा ताठ उभ्या होत्या.

"कुठाय तो?" एवढंच ते म्हणाले.

"बोलावते. बसा ना बाबा. ताई, बस. पाणी मात्र मागू नका हं कुणी," बायको म्हणाली.

"बघा!" ताईने डोळ्याला पदर लावला. "पोरीच्या घरात पाणीसुद्धा राहिलं नाही."

केमिस्ट खाली आला. हातावर, कपाळावर चुन्याचे पांढरे पट्टे, डोळे जागरणाने तांबडे. त्याला वाटलं, फ्लॅटचं विचारायला आले. मुदत संध्याकाळची आणि हे दुपारीच हजर!

वकिलाने खुर्ची ओढली, कोट सारखा केला. "साडूभाऊ, आपण घरातली माणसं आहोत. लपवाछपवी नको. मी विचारतो, तुम्ही सरळ उत्तर द्या. चुना लावलात हे खरं?"

"हो," केमिस्ट म्हणाला. "पहाटेच."

"पहिल्यांदाच?"

"घरात पहिल्यांदाच. कामावर रोजचंच आहे."

"रोज?" ताई किंचाळली.

"रोज म्हणजे, दोन्ही वेळेला. एवढं गाव आहे, एकदा घालून कसं भागेल?"

"म्हणजे तुम्ही..." वकिलाचा आवाज जरा खाली आला, "सगळ्या गावाला?"

"सगळ्या गावाला." केमिस्टाचा चेहरा खुलला. सासरचं कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्या नोकरीची चौकशी करत होतं. तो पुढे सरकून बसला. "पोतीच्या पोती लागतात. पावसाळ्यात जरा वेगळं असतं, तेव्हा तुरटीवर जोर."

"आणि तुमच्या साहेबांना याची कल्पना आहे?"

"साहेबच तर सांगतात, किती लावायचा. कमी पडला तर बोलणी मला खावी लागतात."

"साहेबही सामील!" वकिलाने सासऱ्यांकडे पाहिलं. ते जांभळे होत चालले होते. "आणि लोक? लोक तक्रार करत नाहीत?"

"लोकांना कळतच नाही. त्यांना कळलं म्हणजे माझं काम बिघडलं म्हणायचं. खरं कसब तेच आहे, वकीलसाहेब! चुना लागला हे लागलेल्याला कळता कामा नये."

"बोलतोय कसा बघा!" ताई म्हणाली.

"आणि एवढं सगळं जातं कुठे?" वकिलाने विचारलं.

"खाली बसतं. मग आम्ही खालून काढून घेतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी, पंपवाला, फिटर. ज्याची पाळी असेल तो. बरंच निघतं. मागच्या अंगाला खड्डे केलेत, त्यात टाकतो. तुम्हाला हवं असेल तर देईन की थोडं. बागेत पसरायला चांगलं असतं."

बायको दारात उभी होती. तिला खोकल्याची उबळ आली आणि ती आत गेली.

सासरे उठले. त्यांनी सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली आणि कुणाला काही कळायच्या आत ते न्हाणीघरात शिरून कडी लावून मोकळे झाले.

"बाबा! नळ सोडू नका!" केमिस्ट दारावर थापा मारू लागला. "टाकी हलेल! अजून खाली बसलेलं नाही सगळं!"

टाकी. हा शब्द वकिलाच्या कानात बरोबर जाऊन बसला. हा माणूस पहाटेपासून गच्चीवर काय करत होता? टाकीपाशी. टाकीच्या तळाशी असं काय आहे, की ते हलता कामा नये? वकिलाने चपला काढल्या आणि मांजराच्या पावलांनी जिना चढला.

गच्चीवर टाकीचं झाकण अर्धवट उघडं होतं. वरचं पाणी आरशासारखं दिसत होतं आणि खाली तळाशी जाडजूड, पांढरी, मऊ गादी पसरली होती. त्या गादीखाली काय नाही लपवता येणार? वकिलाने शेजारची काठी उचलली, टाकीवर पोट टेकवलं आणि तळ खरवडायला घेतला. एका कोपऱ्यात नाही, म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात. दुसऱ्यात नाही, म्हणून मग पुऱ्या ताकदीने गोल गोल. केमिस्टाने पहाटे तासभरात जेवढं ढवळलं नव्हतं, तेवढं त्याने पाच मिनिटांत ढवळून दिलं.

खाली न्हाणीघरात सासऱ्यांनी नुकताच शॉवर सोडला होता. धार आणि भिंत यांच्या मधे शिरायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जोर लावून शॉवरची चकती पिळली. मुळात क्षारावरच उभी असलेली ती चकती त्यांच्या हातात आली आणि त्या उघड्या नळीतून आख्ख्या टाकीचा साका त्यांच्या डोक्यावर आला.

कडी निघाली. दारात सासरे उभे होते. नखशिखांत पांढरे. चौकात उभारतात त्या पुतळ्यासारखे, फक्त कमरेला टॉवेल. आणि मिशा, ज्या मिशांचा रंग बाहेरचा आहे हे आजवर सासूबाई आणि आरसा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, त्या मिशा कापसासारख्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. रंग ओघळून हनुवटीवर आला होता.

त्याच वेळी जिन्यावरून वकील उतरला. टाकीत वाकताना तोल गेला होता. काळ्या कोटाच्या कॉलरपासून खिशापर्यंत पांढरा लेप, चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या. हात पुढे करून चाचपडत तो म्हणाला, "तळाशी काही नाही! नुसता चुना आहे!"

"मग मी काय सांगतोय मगाचपासून?" केमिस्ट हताशपणे भिंतीला टेकून बसला. "पाण्याला चुना लावला हो! पाण्याला! पाणी मऊ करायला! आता हे परत बसायला रात्र होईल. आणि संध्याकाळी फ्लॅटचं कळवायचंय."

ज्याच्या त्याच्या डोक्यात सकाळपासूनची वाक्यं उलटी फिरू लागली.

"म्हणजे कुणाला फसवलं नाहीत?" ताईने विचारलं.

"ताई, मी कुणाला फसवेन? मला तुमचा तो फ्लॅट नकोय हेसुद्धा मला तोंडाने सांगता येत नाही."

बायको तेवढ्यात बाहेर आली. तिने बापाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि लांब श्वास सोडला. "जाऊ दे. आपल्या नशिबी या घरात मऊ पाणी नाही. ताई, आत्ताच हो म्हणून टाकते. उद्याच सामान हलवतो तुमच्याकडे. निदान तिथे आंघोळीला चांगलं पाणी तरी मिळेल."

केमिस्टाने डोळे मिटले.

ताई चुळबुळली. समोर चुन्यात न्हालेला बाप, भिंतीला टेकलेला बिचारा जावई, आणि ज्याच्यावर तिने सकाळपासून नाही नाही ते बालंट आणलं तो निघाला गरीब गाय.

"नको गं छकुले," ती म्हणाली. "नको येऊ तिथे."

"अगं!" वकील दचकला.

"अगं-बिगं काही नाही. तिथलं पाणी याच्याहून जड आहे. आमचाही बोअरच. आमचा गिझर फुटला, ते कुणाला सांगितलं नाही. आणि त्या फ्लॅटमधे भाडेकरू टिकत नाही. मागचा गेला तो बादली मागे ठेवून गेला, कारण ती फरशीला चिकटली होती, निघेचना."

"पण तो फ्लॅट तर भाऊजींच्या मित्राचा ना?" बायकोने अगदी भोळेपणाने विचारलं.

"कसला मित्र! आमचाच आहे तो. यांनी घेतला आणि गळ्यात पडला. म्हणाले, साडू पाण्यातला माणूस आहे, राहायला आला की करेलच काहीतरी पाण्याचं."

वकिलाने चष्मा काढून कोटाला पुसला. तो आणखी पांढरा झाला.

"म्हणजे," सासऱ्यांनी आता कुठे तोंड उघडलं. ते पांढऱ्या मिशांतून बोलत असल्यामुळे त्यात एक निराळंच वजन आलं होतं. "चुना लावत होतात ते तुम्ही. वकीलसाहेब."

वकिलाने उत्तराची वेळ वाढवून मागितली. ती मिळाली नाही.

रात्रीपर्यंत साका पुन्हा बसला. ताई आणि वकील निघताना, दारातल्या दारात, वकिलाने घसा साफ करून विचारलं, "पुढच्या रविवारी जरा आमच्या टाकीकडे याल का?" केमिस्ट म्हणाला, "येईन, पण मी ढवळत असताना तुम्ही प्रश्न विचारायचे नाहीत." ताईने तिथल्या तिथे कबूल केलं.

केमिस्टाने नळ सोडला. पाणी काचेसारखं आलं. बायकोने ती लग्नातली साबणाची वडी हातात फिरवली मात्र, फेस नुसता उसळला. मनगटावर आला, कोपरावर आला, सिंकच्या काठावरून खाली उतरून ओट्यावर चालू लागला.

केमिस्ट त्या फेसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण मला एक सांग. ताईंना फोनवर तू नेमकं काय सांगितलंस?"

"जे झालं तेच. एक अक्षर खोटं नाही."

"पण असं का सांगितलंस?"

"लोण्यासारखं पाणी म्हणे! आणि ताई डोकं धुवायला दर आठवड्याला आईकडे जाते. मला तेव्हाच शंका आली होती. विचारलं तर हसायची. वरून सगळं स्वच्छ." तिने फेसातून हात बाहेर काढला. "तुम्हीच म्हणालात ना, विरघळलेलं दिसत नाही, आपण बाहेरून काहीतरी टाकायचं."

केमिस्ट खुर्ची ओढून बसला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, त्याने सांगितलेलं कुणीतरी ऐकलं होतं.

"पण माप?" तो अखेर म्हणाला. "किती टाकायचा, ते कसं ठरवलंस?"

तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली. नळ सुटल्याबरोबर सासरे पुन्हा आत शिरले होते आणि अजून बाहेर आले नव्हते. "जावईबापू! काय पाणी आहे हो, काय पाणी आहे! असा फेस मी जन्मात पाहिला नाही. मी काही आता मिशा रंगवल्याशिवाय घरी जात नाही. राहीन म्हणतो महिनाभर. आणि इथली वडी संपली, दुसरी द्या!"

बायकोने कपाटातून नवी वडी काढली.

"अंदाजानेच टाकला हो," ती म्हणाली. "बाबा तेवढे जास्त पडले."